पातं थांबेपर्यंत

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राशेजारी गेली वीस वर्षं मी भिंतीवर आहे. मित्रांनो, माझ्यावरचा पहिला मजकूर खुद्द मोठ्या साहेबांनी रचला होता: 'सदर यंत्र गतिमान असताना उद्भवणाऱ्या अवरोधाच्या निवारणार्थ कोणतीही कृती करण्यापूर्वी विद्युतप्रवाह खंडित करणे अनिवार्य राहील.' खाली त्यांची सही, मजकुराहून मोठी. तेव्हा मी भलतीच तोऱ्यात असे.

पण मला वाचतंय कोण? कामगारांना वाटे, यंत्र विकणाऱ्या कंपनीने हमी लिहून दिली असावी. माझ्या खिळ्याला ओले टॉवेल लटकू लागले. एके दिवशी यंत्रावरच्या मावशींनी अडकलेला कागद ओढायला हात घातला आणि दोन बोटं गेली. मी हातभर अंतरावर होते. माझी मलाच लाज वाटली.

पुढे मावशींची सून त्याच यंत्रावर लागणार असं ठरलं. मावशी साहेबांना माझ्यासमोर घेऊन आल्या.

"साहेब, आधी पाटी बदला. मगच सून येईल."

"अहो मावशी, सगळं नियमाप्रमाणे लिहिलंय की."

"मग वाचून सांगा बरं, कागद अडकला तर पहिल्यांदा काय करायचं?"

साहेबांनी मला दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि रंगाऱ्याला बोलावलं. "मावशी सांगतील तसं लिही," एवढंच ते म्हणाले.

रंगाऱ्याने लिहिलं: 'कागद अडकला? लाल बटण दाबा. पातं पूर्ण थांबू द्या. मगच हात घाला.' सहीपुरती जागा उरली होती. साहेबांनी ती कोरीच ठेवली.

तिसऱ्याच दिवशी कागद अडकला. सुनेचा हात पुढे गेला, नजर माझ्यावर पडली आणि हात लाल बटणाकडे वळला. पातं आणखी एकदा खाली आलं आणि थांबलं. तिने कागद सावकाश सोडवला. मावशींनी धावत येऊन तिची बोटं मोजली, एकदा नाही, तीनदा. मित्रांनो, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं. आता छापखान्यातली प्रत्येक सूचना आधी मावशींना वाचून दाखवतात. त्यांना कळली तरच ती भिंतीवर चढते.

माझा रंग आता उडू लागलाय. तेवढी धूळ पुसत जा, टॉवेल दुसरीकडे टांगा. आणि कधी सूचना लिहाल, तेव्हा ज्याचा हात यंत्रात जाणार आहे, त्याला आधी विचारा.

काम सुटलं की सून माझ्यासमोर उभी राहून वेणी घालते. आधी स्वतःची, मग मावशींची.