चढवलेला विंचू

विंचू उतरवताना मी मंत्र पुटपुटतो, पण खरं सांगायचं तर मला तो निम्माच येतो. उरलेला मनचा घालतो. तीस वर्षांत कुणी ओळखलं नाही, कारण काम मंत्र करतच नाही. "आता कुठं हाय?" असं विचारत मी लिंबाच्या डहाळीनं वरून खाली झाडत आणतो. माणसाचं सगळं ध्यान डहाळीमागं जातं आणि ठणकाही मुकाट खाली येतो. सिरसाळ्यात माझा, म्हाळूचा, दबदबा होता तो एवढ्या जोरावर.

चौऱ्याण्णव साली विरुपाक्षअप्पांनी किराणा सोडून कलर टीव्हीचं दुकान काढलं. उद्घाटनाच्या दुपारी खोक्यांमागच्या विंचवानं त्यांच्या दहा वर्षांच्या शिवांजलीच्या बोटाला नांगी मारली. मंडपात पाहुणे, बाहेर बाजा, आणि आत पोर जिवाच्या आकांतानं ओरडतेय. मला बोलावणं आलं.

"कुठं हाय, बाळ?"

"खांद्यात!"

मी झाडत गेलो. दंड, कोपर, मनगट. पाव तासात शिवांजली हसली. "मामा, नुसतं बोटात हाय. मुंगी चावल्यावानी."

पाहुण्यांनी वाहवा केली. मी तिचा हात सोडणार तोच लक्षात आलं, हात गार पडलाय. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मग ती भडाभडा ओकली. मारलेला विंचू कोपऱ्यात पडला होता, छोटा आणि तांबडा. असाच तांबडा पाच वर्षांमागं तलवाड्याच्या एका बाईला डसला होता. मी उतरवला, ती हसत घरी गेली आणि दिवस मावळायच्या आत मेली. ठणका उतरतो, विष उतरत नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"अप्पा, जीप काढा. अंबाजोगाईला न्या हिला."

"कावून? उतरलाय की. उन्हानं ओकली असंल."

"ठणका उतरलाय. विष अंगात हाय."

"येडं लागलं का बे तुला? पोरगी सोता सांगायली, न्हाई दुखत म्हणून." अप्पा फीत कापायला वळले.

मी पुन्हा हात जोडले. कुणी ऐकेना. पोरीला धाप लागली होती आणि सगळे तिच्या हसण्यावर विसंबले होते. ते हसू मीच आणलेलं.

मी तिच्यापुढं बसलो आणि डहाळी उलटी धरली. "शिवांजली, माझं चुकलं. उतरला न्हाई. बघ, मनगटात आलाय."

तिचा चेहरा उतरला. "मामा, नको."

"कोपरात आला. आता दंडात. लई जोरात चढायलाय."

एकेका शब्दासरशी ती कळवळत होती. मी थांबलो नाही. "खांद्यात! छातीकडं निघालाय!" ती अशी किंचाळली की बाहेरचा बाजा बंद पडला. अप्पांनी माझ्या थोबाडीत मारली, पोरीला उचललं आणि जीपकडं धावले.

अर्धा तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यानं ती घरी आली. म्हाळूच्या हातानं विंचू चढतो, असं गाव आता म्हणतं. म्हणू दे.

पण बोट कधीच बरं झालं, तरी मी दिसलो की शिवांजलीचा हात खांद्यापर्यंत ठणकतो. एकदा बाजारात मी तिला म्हणालो, "पोरी, काईच न्हाई तिथं. मी खोटं बोललो होतो." तिनं हात छातीशी धरला आणि रडत आईमागं लपली. फार लागलं मला ते. हल्ली ती गल्लीत खेळताना दिसली, की मी आल्या वाटेनं मागं फिरतो.