दोन ठिपक्यांचा पाणघोडा

मित्रांनो, मी एक जुना पाणघोडा आहे आणि मला पोहता येत नाही. माझा जन्म नदीत झाला नाही, खेळांच्या एका मोठ्या बागेसाठी वस्तू बनवणाऱ्या लांबट कार्यशाळेतल्या टेबलावर झाला. माझ्या अंगात एकतीस हजार ठोकळे आहेत. तुम्ही घरी एकावर एक बसवता तसलेच. तुमचे ठोकळे खेळ संपला की मोडून डब्यात जातात, माझे मात्र गोंदाने कायमचे चिकटवलेले आहेत. म्हणजे, तसे एकोणीस वर्षे सगळ्यांना वाटत होते. मला खरे काय ते माहीत होते, पण माझ्या घडवणाऱ्यांनी मला एवढे मोठे तोंड दिले आणि त्यात आवाज घालायचा राहून गेला.

मला दोघा भावंडांनी घडवले. थोरली बहीण, जिला सगळी कार्यशाळा ताई म्हणते, आणि तिचा धाकटा भाऊ, जो आता तिथला मुकादम आहे. भाऊ एवढा उंच की प्रत्येक दारातून वाकून जातो, तरी ताई त्याला छोट्या म्हणायची. दोघांच्या हातांत जादू होती आणि दोघांच्या नाकावर राग होता.

त्यांचे बिनसले ते माझ्या रंगावरून. ताई म्हणाली, "पोरांना जांभळा आवडतो." भाऊ म्हणाला, "जांभळा पाणघोडा कुणाच्या बापाने पाहिलाय?" त्यावर ताई म्हणाली, "बाप आपला एकच आहे, जरा सांभाळून बोल." शब्दाने शब्द वाढला. शेवटी बागेच्या साहेबांनी वाटणी करून दिली. पाय आणि पोट ताईने बांधायचे, पाठ आणि डोके भावाने. म्हणून मी खालून जांभळा आणि वरून राखाडी आहे. रंगाच्या हौदात पोटापर्यंत उभा राहून आल्यासारखा दिसतो.

भांडण मिटले, अबोला उरला. एकाच टेबलाशी बसून दोघे तिसऱ्याच्या तोंडून बोलत. "त्याला सांगा, कानस हवी आहे." "तिला सांगा, कानस तिच्याच खिशात आहे." आधी कोणी बोलायचे? ताई म्हणे, मी थोरली आहे, मी का वाकू? भाऊ म्हणे, थोरली आहे तर मोठेपणा दाखव.

आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्याची गोम इथेच आहे. कार्यशाळेत एक पद्धत होती. ठोकळ्यांचा थर आधी कोरडा बसवून बघायचा. नीट बसला की आतल्या बाजूने एका ठोकळ्यावर शाईचा एक ठिपका द्यायचा. मग तो उचलून, गोंद लावून, पुन्हा बसवायचा आणि दुसरा ठिपका द्यायचा. एक ठिपका म्हणजे तपासले, दोन ठिपके म्हणजे चिकटवले. शिवाय सांधा कोणी चिकटवायचा तेही ठरलेले होते. ज्याचे पोट, त्याचा सांधा.

एका संध्याकाळी माझी राखाडी पाठ साखळीने उचलून जांभळ्या पोटावर कोरडी टेकवली. ताई माझ्या पोटाच्या दारातून आत शिरली, सांध्याचा थर सगळीकडून चाचपला आणि शेपटीखालच्या ठोकळ्यावर एक गोल ठिपका देऊन घरी गेली. सकाळी भाऊ आत शिरला. ताईचा ठिपका त्याला दिसला. पण हिच्या तपासणीवर मी कशाला विसंबू, असे पुटपुटत त्याने सगळा थर पुन्हा चाचपला आणि तिच्या ठिपक्याशेजारी आपला ठिपका दिला. आता ठिपके दोन झाले, हे रागात त्याच्या ध्यानीही आले नाही. मग तो दुसऱ्या कामाला निघून गेला. चिकटवायचे काम तर ताईचेच होते.

तासाभराने ताई गोंदाचा डबा घेऊन आत आली. विजेरीच्या उजेडात तिला दोन ठिपके दिसले. "स्वतःच उरकलंन वाटतं," ती म्हणाली. "बरं झालं." आणि डब्याला झाकण लावून बाहेर पडली. दुपारी गाडी आली. ताईने मला गाडीत चढवू दिले म्हणजे गोंद लागला असणारच, असे भावाने धरले. एका शब्दात काम झाले असते. "लावलास का?" एवढेच विचारायचे होते. मी आ वासून बघत राहिलो, पण माझा जबडा जन्मापासून वासलेलाच असल्याने कोणाला त्यात काही वेगळे वाटले नाही.

बागेत मला तळ्याकाठी उभे केले. सुरुवातीची वर्षे माझ्या फार कौतुकाची होती. मुले माझ्या तोंडात हात घालून ओरडायची, आया त्यांचे फोटो काढायच्या. पाठ जड असल्यामुळे सांधा दबून घट्ट राहिला. वारा आला, ऊन आले, मी जागचा हललो नाही. हलायचे नाही, हाच माझा जगण्याचा उपाय होता. पुढे बागेत विजेवर उडणारा अजगर आला आणि माझ्याकडे फक्त बुटाची नाडी बांधणारे लोक फिरकू लागले. माझ्या पाठीवर पाय ठेवून नाडी बांधता यायची नाही, म्हणून तेही पुढे गेले. वाईट वाटायचे. पण मनात म्हणायचो, विसरले तर विसरले, निदान कोणी हलवत तरी नाही.

या वर्षी फाटकावर मोठा फलक लागला. 'संपूर्ण कुटुंबासाठी तीन नवी आकर्षणे!' पहिले उलटे घर, ज्यात छतावरून चालायचे. दुसरी चौघांनी मिळून वल्हवायची होडी. तिसऱ्याचे चित्र पाहिले आणि मला धक्काच बसला. ते माझेच चित्र होते. माझ्या पाठीवर आई, बाबा आणि मुलगी बसली होती, खाली लिहिले होते, 'डुलता पाणघोडा'. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली. माझे तर पायच उपटून मला एका डुलत्या फळीवर बसवले.

यंत्राचे इंजिनिअर आले. त्यांनी मुकादमाला विचारले, "आतून पूर्ण चिकटवलंय ना?"

भावाने माझ्या जांभळ्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचं काम आहे. बघायला नको."

मित्रांनो, मी सुन्न झालो. एकोणीस वर्षांत त्याने तिचे केलेले ते पहिले कौतुक होते आणि तेच आता कोणाच्या तरी जिवावर उठणार होते.

पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर वाळूच्या गोण्या ठेवून मला डुलवले. मी टिकलो. गोण्या गुमान बसतात, माणसे बसत नाहीत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाग उघडण्याआधी, कामगारांच्या घरच्यांना बोलावले होते. आधी कोण बसणार? मुकादमाची सहा वर्षांची नात सगळ्यांच्या पुढे होती. ताई आणि भावाच्या दोन घरांत ये-जा करणारी ती एकटीच. ताईला ती आत्याआजी म्हणते. ती पुढे बसली, मागे तिचे आईबाबा. भाऊ बटणापाशी उभा राहिला. ताई कठड्याबाहेर हाताची घडी घालून उभी होती, आपण सहज आलो आहोत असा चेहरा करून.

"आत्याआजी, बघ," नात ओरडली आणि हात हलवायला एका बाजूला झुकली. तिला धरायला तिचे बाबा त्याच बाजूला झुकले. मी डुललो. आणि माझ्या पोटात आवाज झाला. टक्.

छोटासाच आवाज. यंत्राच्या घरघरीत तो कोणाला ऐकू गेला नाही. पण चिकटवलेला ठोकळा तडकतो, टक् करत नाही. टक् फक्त कोरडा ठोकळा सुटताना होते, आणि ज्या बाईने तीस वर्षे ठोकळे बसवले आणि काढले, तिच्या कानाला ते वेगळे सांगावे लागत नाही. ताईच्या हातांची घडी सुटली.

"छोट्या, बंद कर!"

भावाने का म्हणून विचारले नाही. मागे वळूनही पाहिले नाही. लहानपणी तो आवाज ऐकून हात जसा मागे यायचा तसा त्याचा हात बटणावर गेला. यंत्र थांबले. पण मी झुकलेलाच होतो, आणि माझी पाठ पोटावरून बोटभर सरकली, मग वीतभर. ताईने कठडा कसा ओलांडला ते तिलाही सांगता येणार नाही. साठीच्या त्या बाईने खांदा माझ्या पाठीला लावला. भावाने एका हाताने नातीला ओढून घेतले आणि आपला खांदा ताईच्या खांद्याशेजारी दिला. नातीचे आईबाबा उड्या मारून उतरले. मग चार माणसे धावत आली आणि माझी पाठ हळूहळू जमिनीवर ठेवली.

कोणाला खरचटलेही नाही. नात आजोबांचा सदरा धरून म्हणाली, "पाणघोडा मोडला."

माझे पोट आता वरून उघडे होते. दोघे आत वाकली. शेपटीखाली, सांध्याच्या ठोकळ्यावर, ते दोन ठिपके जसेच्या तसे होते. एक गोल, एक घाईत ओढलेला.

"हा माझा," ताई म्हणाली.

"आणि हा माझा," भाऊ म्हणाला. "तपासल्याचा."

"तपासल्याचा? मी तर तपासलं होतं."

"म्हणूनच मी परत तपासलं."

ताई खाली बसली. "मला वाटलं, तू चिकटवलंस."

"मला वाटलं, तू."

भावाने त्या दोन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग भाऊ म्हणाला, "पोरगी होती गं वर." आणि एवढा उंच माणूस बहिणीच्या खांद्यावर डोके ठेवून रडला.

फलकावरचे माझे चित्र साहेबांनी काढून टाकले. माझ्यावर कोणी बसायचे नाही असे ठरले आणि मला पुन्हा तळ्याकाठी नेले. सांध्याच्या थरात सहाशे बारा ठोकळे आहेत. ते दोघांनी दुसऱ्या कोणाला लावू दिले नाहीत. भाऊ आत बसला, ताई बाहेर. प्रत्येक ठोकळ्याला ताई विचारायची, "लावलास?" भाऊ म्हणायचा, "लावला." असे सहाशे बारा वेळा. दोन दिवस लागले. शेवटच्या ठोकळ्याला भाऊ आतून म्हणाला, "ताई, सगळा जांभळाच केला असता तर बरा दिसला असता." ताई म्हणाली, "छे रे, पाणघोडा राखाडीच बरा." आणि त्यावरून दोघे पुन्हा भांडली, पण या वेळी तिसऱ्या माणसाची गरज पडली नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर चालेल, माझ्या तोंडात हात घातलात तरी चालेल. एक मात्र करा. घरात कोणाशी अबोला धरलात, तरी ज्या कामाला दोघांचे हात लागले आहेत त्याबद्दल तेवढे विचारून घ्या. मी ते टक् अजून विसरलो नाही. त्या वेळी माझ्या पाठीवर एक मुलगी हात हलवत होती.