जुन्या स्प्रिंगचा वरचा आकडा

"सूनबाई, दोन्ही आकडे कापल्याबिगर ही टाकू नको," असं हौशीराम मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा हर्षाली "हो, बघते" म्हणाली होती. म्हणाली खरी, पण त्या वेळी तिचं एक बोट सार्थकच्या तोंडात होतं आणि सार्थक त्या बोटाला कडकडून चावत होता.

सार्थक पावणेदोन वर्षांचा. त्याच्या बाबतीत हर्षाली काहीही नशिबावर सोडत नसे. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती त्याला द्राक्ष देत नसे. घरातल्या खालच्या सगळ्या प्लगांना तिनं चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे सासूबाईंना, म्हणजे साळुबाईंना, मोबाईल चार्जिंगला लावायचा तर स्टुलावर चढावं लागे. दिवस कलला की अंगणाचं दार बंद, कारण मागच्या उसात बिबट्या. धोका आधी ओळखायचा आणि मग त्याचा बंदोबस्त करायचा, ही तिची रीत. बी.एस्सी.च्या तीन वर्षांचा तेवढाच उपयोग झाला, असं ती म्हणायची.

स्प्रिंग तिच्या यादीत नव्हती.

स्प्रिंग होती गाडीच्या क्लचची. तिचा नवरा मोहित चाकणला कंपनीत. त्यानं पुण्यातल्या एका माणसाकडून लाल रंगाची, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि ओतूरजवळच्या आपल्या मळ्यात आणून उभी केली. गाडी इतकी बुटकी की साळुबाई पहिल्या दिवशी तीत बसल्या आणि त्यांना बाहेर काढायला दोघं लागले. त्यांनी फक्त, बाकीची गाडी मागनं टेम्पोत येतीय का, एवढं विचारलं. सोमवारी मोहित मिरवायला म्हणून ती बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेला. तिथं एका व्यापाऱ्यानं तिला चहूबाजूंनी निरखलं, बॉनेटवर थोपटलं आणि कितव्या वेताची हाय, असं विचारलं. मोहितनं तिसऱ्या म्हणून सांगितलं. आधीचे मालक दोन, तेव्हा हिशेब बरोबर होता.

आठवडाभर मोहित चाकणला कंपनीच्या बसनं जाणार आणि गाडी घरी. म्हणजे सार्थकला नारायणगावच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर हर्षालीनंच ती चालवायची. फेब्रुवारीत क्लचचं पेडल दाबलं की दाबलेलंच राहू लागलं. पायाच्या बोटांनी उचलून वर आणावं लागे. नवी स्प्रिंग पुण्याहून कुरिअरनं यायची होती. तोवर सोय म्हणून मोहितनं पेडलला सुती दोरी बांधली आणि तिचं टोक गिअरजवळ आणून ठेवलं. गिअर टाकायचा, मग दोरी ओढायची. अकरा दिवस हर्षालीनं स्पोर्ट्स कार अशी चालवली. ओतूरच्या एसटी स्टँडपाशी गतिरोधकावर ती हळू व्हायची, तेव्हा पानाच्या टपरीवरची पोरं म्हणायची, "वहिनी, कासरा ढिला सोडा."

बाराव्या दिवशी स्प्रिंग आली. हौशीराम मिस्त्री साठीचे. हात बसलेला ट्रॅक्टरवर, पण स्प्रिंग ती स्प्रिंग, असं त्यांचं म्हणणं. ते स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणे झोपले आणि बराच वेळ त्यांचे पायच तेवढे गाडीबाहेर दिसत होते. जुनी निघाली. नवी मात्र इतकी ताठ की हातानं ताणून बसेना. मग ती शिकंज्यात धरून त्यांनी एका अंगाला वाकवली आणि उघडलेल्या वेढ्यांत एकेक वायसर, म्हणजे भोकाची चपटी चकती, सारला. मग दुसऱ्या अंगाला वाकवून तसंच केलं. बारा वायसर आत बसले, स्प्रिंग होती त्यापेक्षा बोटभर लांब झाली आणि अलगद आकड्यात अडकली. मग त्यांनी हर्षालीला पेडल दाबायला सांगितलं. वेढे सुटले, वायसर टपटप खाली पडले.

मिस्त्रींनी ते मोजले. अकरा भरले.

हर्षालीनं सार्थककडे बघितलं. सार्थकचं तोंड मिटलेलं होतं, आणि ते कधी मिटलेलं नसतं.

नेमकं त्याच वेळी मिस्त्रींनी जुनी स्प्रिंग तिच्यासमोर धरली. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे नवा घातला की जुनाच पुसून बसवला, ही शंका उरत नाही. स्प्रिंग वीतभर लांब, दोन्ही टोकांना आकडे, मधोमध कुठल्या तरी जुन्या मिस्त्रीनं लावलेला निळ्या रंगाचा ठिपका. वरच्या आकड्याच्या वळणावर केसाएवढी चीर गेली होती, ती त्यांनी नखानं दाखवली. ते म्हणाले की आपल्याकडं लोखंड कोणी फेकत नाही, कोणीतरी उचलणार, कशाला तरी लावणार, आणि ही आता भार घ्यायच्या लायकीची नाही. तेव्हा आकडे कापून टाक. हर्षालीच्या बोटाला सार्थकच्या जिभेखालचा वायसर लागला. "हो, बघते," ती म्हणाली.

वायसर निघाला. घरी येऊन तिनं तो साबणानं धुतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. स्प्रिंग तिनं कांद्याच्या चाळीच्या कट्ट्यावर ठेवली.

त्यानंतर आठ दिवसांनी पेट्रोल पंपावर मिस्त्री भेटले. पेडल कसं आहे, विचारलं. एकदम छान, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी, जुनी कापली ना, असं विचारलं. हर्षालीनं मान हलवली, होय आणि नाही यांच्या मधोमध कुठंतरी, आणि घरी येऊन थेट कट्टा गाठला. कट्टा रिकामा होता.

साळुबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की स्प्रिंग लंकाबाईला दिली.

लंकाबाई मढच्या बाजूची. भाताची कामं उरकली की तिकडच्या बायका टोळीनं खाली कांद्याच्या कामाला येतात. हर्षालीच्या मळ्यातली काढणी लंकाबाईच्याच टोळीनं केली होती. तिची लेक इंद्रायणी बरोबर होती आणि इंद्रायणीची पाच महिन्यांची पोर बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत. नुसत्या दोरीच्या झोळीला वर-खाली हिंदोळा नाही, त्यामुळे पोर दिवसभर रडायची. रडणं ऐकून हर्षालीनं दोनदा जाऊन तिला मुंग्या तर चावत नाहीत ना, ते बघितलंही होतं.

"घरात गंजत पडायची, त्यापरीस पोरीच्या झोळीला झाली," साळुबाई म्हणाल्या. "लई खूश झाली लंकाबाई."

हर्षालीनं मोहितला फोन लावला. मोहितनं शांतपणे सांगितलं की ज्या स्प्रिंगनं इतकी वर्षं क्लच सोसला, तिला सात किलोची पोर म्हणजे काहीच नाही. मग तिनं चिरेचं सांगितलं. तू निघ, मोहित म्हणाला.

तिनं ओतूरच्या हार्डवेअरमधून झोळीची नवी स्प्रिंग घेतली, सार्थकला त्याच्या सीटमध्ये आवळून बसवलं आणि मढचा रस्ता धरला. गाडी लोण्यासारखी चालत होती. मढपर्यंत बत्तीस वेळा गिअर बदलला. बत्तीस वेळा पेडल खाली गेलं आणि झोळी यावी तसं वर आलं. मोजायचं नाही असं तिनं चौथ्या वेळीच ठरवलं होतं.

वस्तीपर्यंत गाडी जाईना. दगडाला खालून घासली. मग पोराला कडेवर घेऊन ती चढून गेली. लंकाबाईचा नवरा जानकू दारात बसला होता. टोळी परवाच आंबेगाव तालुक्यात कांद्याला गेली, असं त्यानं सांगितलं. लेक आणि नातसुद्धा. आढ्याला लुगड्याची गाठ तेवढी राहिली होती, स्प्रिंग सोडून बरोबर नेली होती.

"लई गुणाची हाय तुमची स्प्रिंग," जानकू म्हणाला. "पोर आता रडतच न्हाई. वरचा आकडा वाईच उघडला व्हता, त्यो म्या दगडानं ठोकून बंद केला."

किती ठोकला, हर्षालीनं विचारलं.

"चांगला ठोकला," तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला असावा. पाणी घ्या, बसा, असंही म्हणाला. ती बसली नाही.

लंकाबाईकडे फोन नव्हता. जानकूनं कागदावर लिहून ठेवलेला मुकादमाचा नंबर दिला. मुकादम सावळाराम. हायवेवर येऊन रेंज मिळाली तेव्हा तो लागला. तिनं सगळं सांगितलं. निळा ठिपका, वरचा आकडा, चीर, दगड. तो म्हणाला, बावीस बाया आहेत, सहा झोळ्या आहेत, टोळीचे दोन भाग केलेत, एक घोडेगावकडं, एक मंचरच्या खाली. लंकाबाई कुठल्या भागात, ते बघून सांगावं लागेल. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

आत्ताच्या आत्ता बघाल का, तिनं विचारलं.

"बघतो ताई, बघतो," तो म्हणाला.

ते 'बघतो' हर्षालीनं लगेच ओळखलं. बोट दुसऱ्याच कुठल्या तरी कामात अडकलेलं असताना माणूस ज्या आवाजात म्हणतो, तोच आवाज. तिनं पुन्हा फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

मग दोन दिवस ती फिरली. पहिल्या दिवशी नारायणगावावरून मंचर, दुसऱ्या दिवशी घोडेगाव. रस्त्याकडेच्या वावरांत कांदा काढणी दिसली की गाडी थांबवायची, पोर कडेवर घ्यायचं आणि विचारायचं. चार झोळ्या सापडल्या. तीन झोळ्यांना नुसती दोरी. चौथीला स्प्रिंग होती, पण विकतची, धड. त्या पोराच्या आईनं, तुमी दवाखान्याच्या का, असं विचारलं, आणि हर्षालीनं हो म्हणून टाकलं, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता. आतल्या वावरांकडे जाणारे रस्ते बैलगाडीचे. तिथं ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल जाते, टेम्पोही जातो. जमिनीपासून चार बोटं वर असलेली लाल गाडी जात नाही. खालचा पत्रा दोनदा फाटला. अंधार पडायच्या आत पोर घरात पाहिजे, म्हणून दोन्ही दिवस ती परत फिरली.

तिसऱ्या दिवशी मोहित रजा टाकून मोटारसायकलवर आतल्या रस्त्यांना गेला. तो अजून फिरतोय. मुकादमाचा फोन एकदा लागला. बाया दुसऱ्या वावरात गेल्या, निरोप ठेवलाय, असं तो म्हणाला. कुणाकडे, ते त्याला आठवत नव्हतं.

आता हर्षाली भेटेल त्याला सांगते. दूधवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, पंपावरच्या माणसाला. म्हणून तुम्हालाही. घोडेगाव, मंचर, कळंब, त्या बाजूला तुमचं जाणं असेल आणि वावरात कांदा निघत असेल, तर बांधावरच्या झाडांकडे बघा. झोळी दिसली तर थांबा. बायका हसतील, हसू द्या. पोरीच्या आजीचं नाव लंकाबाई, आईचं इंद्रायणी. स्प्रिंगच्या मधोमध निळा ठिपका आहे.

वरच्या आकड्याची चीर बघायला थांबू नका. आधी पोर उचलून घ्या.