मागची पेटी

समीक्षाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. समीक्षा म्हणजे कडावच्या चांगोची नात, त्याच्या देवेशची थोरली मुलगी. लग्न वैशाखात होतं आणि उन्हानं सगळे कावलेले होते. पाठवणीच्या वेळी नवरी रडलीच नाही. हसत हसत नवऱ्याशेजारी गाडीत जाऊन बसली आणि बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. तेवढ्यात चांगोनं रुखवताचं सामान भरलेली आपली जुनी जीप मांडवामागून काढली. रस्त्यावर चढायला तिनं जोर लावला आणि तिच्या पोटातून बारीक, लांबलचक सूर निघाला.

"दाजी," चांगोचा मेव्हणा सखा मांडवाच्या खांबाला टेकून मोठ्यानं म्हणाला, "नवरी नाय रडली ती नाय रडली, तुमची गाडी तरी रडली. रीत राखली बगा."

अख्खा मांडव हसला. व्याही हसले, आचारी हसले, चांगोची बायको सोनुबाई तर पदर तोंडाला लावून हसली, कारण सखा तिचाच धाकटा भाऊ. चांगोही हसला. पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. गिअरचे दात झिजले की गाडी असा सूर काढते, आणि गॅरेजवाले त्याला रडणंच म्हणतात. चांगोला हे ठाऊक होतं. तरी भर मांडवात, व्याह्यांपुढे, मेव्हण्यानं ते म्हणावं हे त्याला लागलं.

ही जीप त्यानं तरणा असताना लिलावात घेतली होती. चारी चाकांनी ओढणारी. डोंगराकडच्या वाड्यांवरून तिनं भात खाली आणलं, आजारी माणसं आणली, बाळंतिणी आणल्या, एकदा तर रेडाही आणला. जिथं बैलगाडी अडायची तिथं चांगो खाली वाकून बारका दांडा ओढायचा, पुढची चाकं जोर धरायची आणि जीप मुंगीसारखी वर चढायची. पंचक्रोशीत त्याला नुसतं चांगो कोणी म्हणत नसे, जीपवाला चांगो म्हणत. माणसाचं नाव ज्या वस्तूवरून पडतं तिला कोणी हसलं तर ते त्या माणसालाच हसल्यासारखं होतं.

सोनुबाईचं माहेर खालापूरच्या अंगाला डोंगरात, वरच्या फणसवाडीला. अर्धा रस्ता डांबरी, पुढं दगडगोट्यांची वाट. त्या पावसाळ्यात ओढ्यानं त्या वाटेचाही लचका तोडला आणि साध्या गाड्या खालच्या वडापाशीच थांबायला लागल्या. सोनुबाईचे गुडघे गेलेले. चार पावलं चालली की बसावं लागे. पण तिला वर जायची वेळच फारशी येत नसे. दर भाऊबीजेला सखाच खाली यायचा. पाठीवर पोतं, पोत्यात डोंगरातल्या काकड्या आणि करांदे. जीप रडायला लागली त्या वर्षापासून तर अंगणात आला की आधी तिला लाथ मारून म्हणायचा, "काय गं, रडतेस का अजून?" आणि मग बहिणीला हाक मारायचा, "बाय, पाट मांड."

त्या वर्षी भादव्यात सखा आजारी पडला. पोटात पाणी झालं. खोपोलीला दाखवून आणलं, पण राहायला तयार होईना. म्हणाला, मला माझ्या पडवीत न्या. दसऱ्याला त्याचा मुलगा गजा वाडीवरच्या मोठ्या कातळावर चढला, कारण वर फोन लागतो तो तिथंच, आणि त्यानं आत्याला फोन केला.

"आत्या, आबा म्हणतात, या भाऊबीजेला बायला म्हणावं तूच वर ये. मला उतरवत नाय."

सोनुबाईनं फोन ठेवला आणि अंगणात आली. चांगो जीपला झेंडूची माळ घालत होता.

"अवं, सखाकडं जायचं हाय. उद्या-परवा नेता का?"

"भाऊबीजेला जाऊ. बोलावलंय भाऊबीजेला."

"त्याआधी एकदा बघून येऊ."

चांगोनं माळ नीट केली. "या गाडीनं? अशी रडत? तुझा भाऊ अंथरुणातून उठून हसंल."

"हसू दे की. हसला तर बरंच हाय."

"नाय. पेटी उतरवतो. भाऊबीजेपर्यंत आवाज बंद करतो. मग अशी नेतो तुला की कुत्रंपण भुंकणार नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात तीन वासे उभे करून त्यांना साखळी टांगली आणि जीपच्या पोटातून गिअरची पेटी खाली घेतली. जीपला पेट्या दोन असतात. पुढची मोठी, तिच्यात गिअर. तिला चिकटून मागं दुसरी बारकी, जी पुढच्या चाकांना जोर देते. चांगोनं दोन्ही सुट्या केल्या. बारकी पेटी फडक्यानं पुसली, हातानं तिचा दांडा फिरवून बघितला आणि गव्हाणीखाली गोणपाटावर ठेवून दिली. ती कधी कुरकुरली नव्हती. मोठी मात्र त्यानं उघडली. तेल काळं निघालं आणि त्यात चांदीसारखा चुरा चमकत होता. चांगोला बरं वाटलं. रडणारं सापडलं, असं तो देवेशला म्हणाला.

देवेश खोपोलीकडच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल.

"बाबा, मी एक फोर बाय फोर भाड्यानं आणतो. आईला मामाकडं नेऊन आणतो. तुमचं हे चालू दे सावकाश."

"दारात जीप असताना तुझी आय भाड्याच्या गाडीतून माहेरी जाणार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? वर वीस-पंचवीस उंबरे हायत."

"तेच लोक," चांगो म्हणाला.

दिवाळी तोंडावर आली आणि भात खळ्यावर आलं. अंगणाच्या एका बाजूला झोडणी आणि दुसऱ्या बाजूला गोणपाटावर लोखंड, असं चाललं. चांगो एकेक गिअर डिझेलनं धुवायचा, उन्हात धरायचा, दातांवरून अंगठा फिरवायचा. त्याला त्या कामात गोडी लागली होती. सोनुबाई ओट्यावर पाय पसरून बसलेली असायची आणि बघायची. एकदा तिनं विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "घाई केली की पेटी परत खोलावी लागते." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मोठ्या पेटीत खाली एक आडवी दांडी असते. तिच्याभोवती बारीक पोलादी सुया दाटीनं उभ्या असतात, दांडी त्यांच्यावरच फिरते. दांडी नुसती ओढली तर सुया सांडतात. म्हणून त्याच जाडीचा लाकडी दांडका मागून सारत जायचा, म्हणजे सुया जागेवर राहतात. चांगोनं खैराचा दांडका घासून गोल केला होता. पण खैर अंमळ आखूड पडला. दांडी बाहेर आली आणि सुया खळ्कन अंगणात, भाताच्या राशीच्या कडेला, सगळीकडे पसरल्या.

चांगो डोक्याला हात लावून बसला. सोनुबाई धरत धरत ओट्यावरून उतरली, सूप घेतलं आणि राशीपाशी फतकल घातली.

"सुपात लोखंड घेऊ नको गं, लक्ष्मी हाय ती."

"लक्ष्मी माझी हाय, मी बघते तिचं."

ती पाखडत राहिली. भाताचा फोल उडायचा, दाणे पुढं सरकायचे आणि जड सुया सुपाच्या मागच्या कडेला जमायच्या. एकेक सुई ती पदराला पुसून वाटीत टाकायची. दुपार सरली तरी ती उठली नाही. शेवटी चांगोनं सुया दांडीभोवती ग्रीसनं लावून बघितल्या. एका सुईची जागा रिकामी राहिली. दोघांनी अंगण झाडलं, लोहचुंबक फिरवला, कोंबड्यांकडेही संशयानं बघितलं. ती सुई काही मिळाली नाही.

"एका सुईनं काय अडतंय?" सोनुबाई म्हणाली. "जाऊन येण्यापुरती चालंल ना?"

चालली असती. चांगोला ते माहीत होतं. जाऊन येण्यापुरती काय, वर्षभरही चालली असती. पण आवाज आला असता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"अडतंय," तो म्हणाला. "नवीन सेट मागवतो."

देवेशनं मुंबईच्या दुकानात फोन लावला. दुकानवाला म्हणाला, पाडव्यानंतर पाठवतो, सध्या सगळे गावाला गेलेत.

भाऊबीज आली. सकाळपासून सोनुबाईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि पेटी गोणपाटावर उघडी पडली होती. देवेशनं पुन्हा विचारलं, गाडी आणू का. चांगो हातातला गिअर पुसत राहिला. सोनुबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. दोन-चार दिवसांनी ह्यांच्याच गाडीनं जाईन." ती असं का म्हणाली हे चांगोला तेव्हा कळलं नाही. आपली बाजू घेतली म्हणून तो मनात सुखावला.

संध्याकाळी शेजारची संजना तबक घेऊन ओट्याशी आली. "मावशी, भाऊ आला नाय तर चांदोबाला ओवाळायचं. चला, बगा कोर निघालीय."

"चांदोबाला ओवाळायचं ते भाऊ नसलेलीनं," सोनुबाई म्हणाली. "मला भाऊ हाय." आणि ती आत निघून गेली.

जरा वेळानं गजाचा फोन आला. चांगोनंच घेतला. आत्याच्या नवऱ्याला गजा मामा म्हणायचा.

"मामा, आबांना दुपारपासून पाटावर बसवलं होतं. मागून उशा लावल्या होत्या. वाटंकडं बघत होते. जरा काय वाजलं की म्हणायचे, दाजींची जीप. मग मीच म्हटलं, आता नाय येत, तेव्हा आडवे झाले."

"पेटी खोललीय रं," चांगो म्हणाला. "दोन दिवसांत येतोच."

"या मामा. आबा म्हणाले, रडत आली तरी चालंल म्हणावं."

चांगोनं हे शेवटचं वाक्य सोनुबाईला सांगितलं नाही.

सेट शनिवारी आला. चांगोनं तो दिवस आणि रविवार मान वर केली नाही. सुया बसल्या, दांडी बसली, दोन्ही पेट्या जोडल्या, देवेशनं साखळी ओढली आणि पेटी जीपच्या पोटात गेली. कर्जतच्या रस्त्यावर त्यानं फेरी मारून आणली. सपाटीवर जीप गुपचूप चालली. परत येताना तो शिट्टी वाजवत होता.

सोमवारी सकाळी ते निघाले. सोनुबाई पुढं बसली, मांडीवर तबक, तबकात निरांजन, सुपारी, करंज्या, नवा टॉवेल. डांबरी रस्ता संपला. वडाशी चांगोनं खाली वाकून बारका दांडा ओढला, पुढच्या चाकांनी जोर धरला आणि जीप चढाला लागली.

सूर निघाला. तोच. बारीक आणि लांबलचक.

चांगोनं गाडी थांबवली. पुन्हा चालवली. पुन्हा सूर. दांडा सोडला की सूर बंद, ओढला की चालू. त्यानं हातब्रेक लावला, चाकामागं दगड घातला आणि जीपखाली शिरला. मागच्या बारक्या पेटीला हात लावला. आत काहीतरी खरखरत होतं, तळहाताला मुंग्या येत होत्या. जी पेटी त्यानं पुसून गव्हाणीखाली ठेवली होती, ती. मोठी पेटी झिजली होती, चुराही खराच होता, पण सूर तिचा नव्हता. लग्नाच्या दिवशी मांडवामागून रस्त्यावर चढतानासुद्धा त्यानं हाच दांडा ओढला होता. एवढी वर्षं ज्याला गाडीचं पोट पाठ आहे असं लोक म्हणत, त्यानं दसऱ्यापासून भलतीच पेटी खोलून ठेवली होती.

"अवं," वरून सोनुबाई म्हणाली, "चला ना. वाजू दे."

तो जीपखाली पाठीवर पडून राहिला. त्याला बाहेर यावंसं वाटेना. तेवढ्यात वाटेवर चपलांचा आवाज झाला. खालून त्याला फक्त पाय दिसले. पायांना चिखल होता आणि ते जीपशी येऊन थांबले.

"आत्या," गजा म्हणाला.

चांगो बाहेर आला तेव्हा गजानं टोपी हातात घेतली होती. सोनुबाईनं तबकातला टॉवेल उचलून निरांजनावर झाकला आणि तबक गजाकडे दिलं. मग ती म्हणाली, "वर न्या मला. त्याला बघायचं हाय."

चांगोनं दांडा ओढला. बाकीचा चढ त्यानं एकदाही न थांबता चढवला. सोनुबाई त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला सांगायचं होतं की भाड्याची गाडी आणायला हवी होती, एका सुईनं अडत नव्हतं, जीप दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती तशीच वर आली असती. पण इंजिनाच्या आवाजात ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असलं ओरडून सांगता येत नाही. पुढंही ते कधी त्याला सांगता आलं नाही. ती समजून होती की नव्हती, तेही त्यानं विचारलं नाही.

सखा बाळू मुकणे, सोनुबाईचा धाकटा भाऊ, त्याच सोमवारी, कार्तिक शुद्ध सप्तमीला, पहाटे वरच्या फणसवाडीला आपल्या पडवीत वारला. भाऊबीज त्याआधीच्या बुधवारी झाली होती.