टेका, टेकाम, टेकाटोला

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलात टेकाटोला नावाची इवलीशी वस्ती आहे, तिथल्या शाळेला मी लागलो आहे. शाळेला खोली एक, म्हणून दरवाजाही एकच. थोडा वाकलो आहे आणि उघडताना कुरकुरतो. हसू नका, तुमचीही हाडं एक दिवस कुरकुरतील.

आधी नावांचं सांगून टाकतो, नाहीतर तुमचा गोंधळ उडेल. गोंडी भाषेत सागाला टेका म्हणतात. दार होण्याआधी मी टोल्याच्या वेशीवर चांगला उंच साग होतो, म्हणून टोल्याचं नाव टेकाटोला. माझ्या बाजूने वाहणारा तो टेकानाला. टोल्यातली सगळी घरं टेकाम कुळाची. पुढे शाळा आली, तीही टेकाटोल्याची शाळा. मास्तर आले त्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, इथं टेका नाही असं काही आहे की नाही?" म्हणाले.

टेकामांना मात्र ही गंमत वाटत नव्हती. माझं आणि त्यांचं नाव एक, म्हणजे आम्ही एका भावकीतले, असा त्यांचा सरळ हिशोब. टेकाम माणूस सागाला कुऱ्हाड लावत नाही. आसपासच्या गावांत सागाच्या पानांच्या पत्रावळी लावत, आमचे लोक पळसाची पानं आणायला कोसभर चालत. नवं धान घरात आलं की मूठभर तांदूळ आधी माझ्या बुंध्याशी ठेवत. इतके लाड झाल्यावर कोण शेफारणार नाही? मीही शेफारलो होतो.

ही गोष्ट पंचावन्न सालच्या सुमाराची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. टोल्यातला चैतू टेकाम नावाचा माणूस शाळेसाठी हात धुऊन मागे लागला होता. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. जंगलखात्याच्या कामावर त्याने एकदा कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला होता आणि त्यापायी सगळा पावसाळा फुकट राबला होता. आपल्या पोरीवर, सोमारीवर ही वेळ यायला नको, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मूल गावच्या बाजारात शाळाखात्याचा साहेब दिसला की हा पुढे होऊन जोहार घालायचा. शेवटी साहेब कंटाळले आणि म्हणाले, "होळीच्या आत खोली उभी करा. तिला कुलूप लागेल असं दार पाहिजे. नाहीतर मास्तर दुसऱ्या गावाला जाईल."

भिंती उभ्या राहिल्या, छपरावर कवेलू चढले. राहिलं दार. जंगलखात्याने शाळेसाठी एक झाड मंजूर केलं आणि नाकेदाराने येऊन सरळसोट दिसणाऱ्या झाडावर हातोड्याचा सरकारी शिक्का मारला. ते झाड कोणतं, हे आता वेगळं सांगायला नको. त्याने कुणाला विचारलं नाही, आणि शिक्का बसल्यावर सरकारपुढे कोण बोलणार?

टोल्यातले सगळे माना खाली घालून बसले. पूजापाठ करणारा म्हातारा इसरू भुमका तंबाखू मळत पुढे आला. मग म्हणाला, "शिक्का बसला तं बसला. पन कुऱ्हाड सोयऱ्याची पायजे. सुकलूले बलाव."

तशी त्यांची रीतच होती. टेकामाच्या घराला साग लागलाच, तर तो बायकोच्या माहेरच्या माणसाने, म्हणजे सोयऱ्याने तोडायचा. त्याने आधी झाडापुढे तांदूळ ठेवायचे, माफी मागायची, मग घाव घालायचा. झाड पडेपर्यंत टेकाम घरात पाठ फिरवून बसणार, चूल पेटवणार नाहीत. सुकलू हा चैतूचा साळा. त्याला निरोप गेला.

मूलहून लाकूड चिरणारे आरेवाले आले, त्यांच्यासोबत लटारू मिस्त्री आला. सुकलूचा मात्र पत्ता नाही. तो दूरच्या कटाईवर अडकला होता. दोन दिवस वाट पाहून आरेवाले कुरकुरायला लागले. लटारू म्हणाला, "उद्या सकाळी झाड पडलं नाई तं आमी चाललो. होळी तोंडावर हाय, अन् ओल्या लाकडाचं दार का असंच होते का?"

दुसऱ्या दिवशी पुरतं उजाडायच्या आधी चैतू माझ्याजवळ आला. हातात कुऱ्हाड होती. तांदूळ आणायचंही त्याला सुचलं नव्हतं. त्याने माझ्या बुंध्याला कपाळ टेकवलं. "दादा," तो म्हणाला, "मी तुहा भाऊच हाय. पन पोरगी शिकली पायजे." आणि घाव घातला. मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या रडक्या तोंडाकडे बघून मला त्याचीच कीव आली.

घाव ऐकून टोल्यातले लोक सुकलूच आला असं समजून रीतीप्रमाणे घरात पाठ फिरवून बसले होते. सुकलू धापा टाकत पोचला तेव्हा मी आडवा होतो. चैतूने त्याचे पाय धरले. "सुकलूभाऊ, तूच तोडलं म्हन. नाई तं हे लोक या लाकडाचं दार लावू देनार नाई. शाळा गेली म्हनून समज." आपल्याच उशिराने हे झालं म्हणून सुकलू आधीच मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. तो हो म्हणाला.

लटारूने माझ्या फळ्यांना रंधा मारला, चौकट ठोकली, होळीच्या आदल्या दिवशी मला लावलं आणि बजावलं, "ओलं लाकूड हाय. वाकलं तं मले बोलू नोका." मित्रांनो, काय माझा थाट होता म्हणून सांगू! साहेबांनी माझ्यावर थाप मारली. "शाब्बास! असं दार तालुक्यात नाही," म्हणाले. पोरं पाढे म्हणू लागली. सोमारी पाटीवर आपलं नाव काढून घरी पळत सुटली. सगळे सुकलूच्या हाताची वाहवा करत. त्याच्यापुढे कोंबडं शिजवून ठेवलं, पण त्याने ताट तसंच बाजूला सारलं.

आणि चैतू? ज्याने शाळेसाठी जिवाचं रान केलं, तो माझ्यातून एकदाही आत आला नाही. रोज सोमारीला घेऊन यायचा, कुंपणाशी थांबायचा आणि माझ्याकडे पाठ करून निघून जायचा. मास्तर बोलवायचे, "अहो चैतूभाऊ, आत या ना!" हा म्हणायचा, "पाय मळले हाय, गुरुजी." उन्हाळ्यातही त्याचे पाय मळलेलेच. टोल्यात जेवणावळ असली की याचं पोट दुखायचं, कारण भाऊ मारलेल्या हाताने भावकीच्या पंगतीत बसायचं कसं? माणूस निम्मा झाला. माझी स्तुती झाली की मला ओशाळल्यासारखं व्हायचं. माझा सगळा तोरा त्याच्या जिवावर चालला होता.

असं वर्ष निघालं. मग कुळाच्या पेनाची, म्हणजे देवाची मोठी पूजा आली आणि देव खांद्यावर घ्यायचा मान चैतूच्या घराकडे आला. आता पोटदुखी चालणार नव्हती. त्या हातांनी देव उचलला तर सगळं कूळ बाटणार. खरं बोललं तर लोक मला उपटून फेकणार, सोमारीची शाळा बंद. बिचारा चांगलाच कात्रीत सापडला.

पूजेचं ठरवायला सगळे शाळेच्या अंगणात जमले. इसरू म्हणाला, "चैतू, उद्या आंघोळ करून ये. देव तुह्या खांद्यावर."

चैतू उठला. तो इसरूकडे गेला नाही, माझ्याकडे आला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने माझ्या चौकटीवर हात ठेवला.

"मले देवाले हात नाई लावता येत," तो म्हणाला. "हा टेका सुकलूनं नाई, म्या तोडला."

मग जंगू टेकाम, चैतूचा चुलतभाऊ, ताडकन उठला. "काढा हे दार! आताच्या आता काढा! भावाच्या हाडाचं दार करून लेकरं बसवली का रे तुनं?" दोघेतिघे माझ्याकडे धावले. जंगूने कडी धरून मला गदागदा हलवलं. सोमारी मास्तरांच्या धोतराला धरून रडायला लागली.

"थांब जंगू," इसरू म्हणाला. तो काठी टेकत चैतूजवळ आला. "झाड पडलं तवा तू रडला का?"

"तवापासून रडूनच राह्यलो, काका."

"तू एकलाच रडला. आमी नाई रडलो." म्हाताऱ्याने माझ्या फळीवर हात फिरवला. "सोयऱ्यानं रीत केली असन म्हनून आमी उठलो अन् चुली पेटवल्या. आपल्यातलं मानूस गेलं अन् त्याचं कोनी काहीच नाई केलं. जंगू, दार काढून का होनार हाय? अजून एकदा मारशीन का त्याले?"

जंगूने कडी सोडली. चैतूची म्हातारी आई सोनीबाई पुढे आली. तिने माझ्या पायाशी बसून गळा काढला, खरोखर घरातलं माणूस गेल्यासारखा. मग एकेक बाई येऊन बसली. मयताच्या रीतीप्रमाणे घराघरातली जुनी मडकी फुटली. सगळे टेकानाल्यावर जाऊन आंघोळ करून आले आणि त्यांनी मला हळद लावली. मी मयत की घरचा म्हातारा, माझं मलाच कळेना. देव त्या वर्षी जंगूच्या खांद्यावर गेला, चैतूने दंड म्हणून टोल्याला जेवण द्यायचं ठरलं. सुकलूलाही इसरूने चार शब्द सुनावले, ते त्याने मान खाली घालून ऐकले.

शेवटी इसरू चैतूला म्हणाला, "जाय आता. तुह्या भावाच्या घरात जाय." चैतू वाकून माझ्या चौकटीखालून आत गेला आणि पोरांच्या बसायच्या पट्टीवर जाऊन बसला. बसल्या जागी लेकरासारखा हुंदके देत राहिला.

मित्रांनो, टोल्याने त्याला त्या दिवशी माफ केलं. मी तर पहिला घाव बसायच्या आधीच केलं होतं, त्याचं कपाळ माझ्या सालीला टेकलं तेव्हाच. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं, आणि तो वर्षभर कुंपणाशी पाठ करून उभा राहिला. ते वर्ष अजून माझ्या मनात सलतं. तुम्हाला तोंड आहे. कुणी तुमच्यापुढे मान खाली घालून फिरत असेल आणि तुमचा राग कधीच गेला असेल, तर माझ्यासारखे गप्प राहू नका. आजच त्याच्या घरी जा आणि त्याला सांगा.