पालथा हात

कोल्लमच्या काजू फॅक्टरीचा भोंगा बंद पडून वीस वर्षं झाली, तरी संध्याकाळचे पाच वाजले की सुमंगलेचे कान आपोआप टवकारत. लहानपणी त्या भोंग्यानंतर पाऊण तासात अम्मा घरी यायची. हात राखेनं माखलेले, तळवे काळेकुट्ट आणि अंगाला काजूच्या टरफलांचा उग्र, जळका वास. इतरांना त्या वासानं ठसका लागायचा. सुमंगलेला आजही तो कुठे आला की भूक लागते.

तेव्हा तिला करप्पन होतं, म्हणजे आपला इसब. कोपरं आणि गुडघ्यांच्या लवणी खाजवून खाजवून ती रक्त काढायची. अम्मा तिला पायरीवर बसवायची, उन्हात ठेवून जांभळं झालेलं पाल्याचं तेल बाटलीतून थेट अंगावर ओतायची आणि पालथ्या हातानं पसरायची. तळवा म्हणून कधी लागू दिला नाही. भाऊ राजनच्या पाठीवरून मात्र अख्खा हात फिरायचा. शेजारची लीला एकदा म्हणालीच, "तुझ्या आईलाच तुझी किळस येते, बघ!" ते वाक्य सुमंगलेनं पन्नास वर्षं जपून ठेवलं. अम्माला विचारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर 'हो' आलं असतं तर ती कुठे जाणार होती?

आता तिची आठ महिन्यांची नात मीनू तेच दुखणं घेऊन आली होती. गाल लाल, कोपरं खडबडीत. मुलगी रेम्यानं डॉक्टरांचा कागद भिंतीला डकवला होता.

"आधी कोळंबी बंद कर," आता चौऱ्यांशी वर्षांची झालेली अम्मा, कल्याणीअम्मा, खाटेवरून म्हणाली. "अंगावर पाजतेस ना?"

"अम्मूम्मा, उगाच काही बंद करायचं नाही म्हणालेत डॉक्टर. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम. लाल चट्ट्यांवर औषधाचं, बाकी सगळीकडे साधं. घासायचं नाही."

"मग तिला आंघोळ घालतेस की पाणी दाखवतेस?"

रेम्या हसली. चट्ट्यांवर औषध लावून तिनं मीनूला पणजीच्या मांडीवर ठेवलं आणि साध्या मलमाची डबी पुढे केली. "घे, बाकीचं तूच लाव."

म्हातारीनं मलम घेतलं, हात पालथा केला आणि बाळाच्या पोटावर हळूच फिरवला.

सुमंगलेला राहवलं नाही. "हिचीही किळस येते का गं तुला?"

रेम्या चमकली. म्हातारी आपल्याच हाताकडे पाहत राहिली. आपण तो पालथा केलाय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"किळस? तुझी?" म्हातारी म्हणाली. "अगं, तळव्यांत टरफलांचं तेल मुरलेलं असायचं. राखेनं जाईना, साबणानं जाईना. तू एवढीच होतीस तेव्हा एकदा तळव्यानं तुझा गाल पुसला. दुसऱ्या दिवशी टरारून फोड आला. डाग आहे अजून."

सुमंगलेचं बोट कानाजवळच्या डागावर गेलं. तो खाजवून पडलाय, असंच ती सगळ्यांना सांगत आली होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, नको जाऊ फॅक्टरीत. आणि मी थांबले असते तर तुम्ही खाल्लं काय असतं? राजनचं कातडं म्हशीचं, त्याला काही होत नसे. तुझं म्हणजे केळीचं कोवळं पान."

सुमंगलेला रडू कोसळलं. पन्नास वर्षं आपण कसला राग उराशी धरून बसलो होतो, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाटेजवळ खाली बसली आणि अम्माचा हात तिनं उलटा केला. तळवा केव्हाच उजळ झाला होता, सुरकुतलेला आणि मऊ. तिनं तो आपल्या गालाकडे नेला, तशी म्हातारी घाबरून हात मागे ओढू लागली.

"थांब, थांब, धुऊन येते!"

"धुतलेलाच आहे गं," सुमंगला म्हणाली आणि तिनं हात सोडला नाही.