माघारीचा हुकूम

आसारामला वाटलं होतं, बायकोला काही कळायचं नाही. भिंगारपलीकडच्या माळावर मुंबईची सिनेमाकंपनी उतरली, तेव्हा त्यानं घरी एवढंच सांगितलं, की शूटिंगला बैलगाडीतनं पाणी पोचवायचं काम मिळालंय. सिनेमा कुणावर निघतोय ते पोटात ठेवलं. पण गावाच्या तोंडाला कुठं झाकण असतंय? चौथ्या दिवशी मनकर्णा पदर खोचून गाडीत पिंपांशेजारी येऊन बसली.

"चला," म्हणाली, "मलाबी बघू द्या त्यो बिरगेडियर."

होय, सिनेमा त्याच ब्रिगेडियरवर होता. एकाहत्तरच्या लढाईत कालव्याकाठचं ठाणं सोडायचं नाही म्हणून ज्यानं हुकूम दिला, आणि ज्याच्या हुकमापायी त्यांचा पोरगा भीमा आणि आणखी अकरा पोरं तिथंच राहिली, तोच. काही पेपरांनी त्याला वाघ म्हटलं. काहींनी विचारलं, शेजारची ठाणी माघारी बोलावली, मग या पोरांनाच का नाही?

आसारामनं वाघ धरून ठेवला. ब्रिगेडियरच्या सहीचं सांत्वनाचं पत्र चौकटीत घालून भिंतीला लावलं. मनकर्णा कधी भाकरी थापता थापता म्हणायची, "बोलवायचं हुतं की वो." की हा खवळायचा. "तुला लढाईतलं काय कळतंय? हुकूम बराबर हुता." हुकूम चुकला असेल तर पोरगं फुकट गेलं, आणि तेवढं सोसायची त्याच्या काळजात ताकद नव्हती. म्हणून सव्वा वर्ष तो तिच्यावर ओरडत राहिला.

माळावर चर खणला होता. त्यात लष्करी कपडे घालून बारा पोरं बसवलेली, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडणारी. समोरच्या ढिगाऱ्यावर नट उभा. त्यानं वायरलेसचा फोन कानाला लावला आणि हिंदीत गरजला, ठाणं सोडायचं नाही. फटाके उडाले, धूर झाला, पोरं चरात आडवी झाली. डायरेक्टरला पसंत पडेना. पोरं उठली, माती झटकली, पुन्हा बसली. पुन्हा तोच हुकूम, पुन्हा तेच मरण. असं चारदा झालं. आसाराम पिंपाला टेकून खाली बघत होता.

पाचव्या वेळेला मनकर्णा गाडीतून उतरली आणि थेट ढिगाऱ्याकडे निघाली. आसारामचं धाबं दणाणलं. ही बया आता नटालाच खरा समजून त्याची गचांडी धरणार, कामही जाणार आणि अब्रूही. तो धोतर सावरत मागं पळाला.

तिनं नटापुढं हात जोडले.

"बाबा, तू काई त्यो न्हाईस, म्हाईत हाय मला. ह्या गोळ्याबी खोट्या. माजा भीमा त्या ठान्यावर गेला. हितं समदं खोटंच हाय, तर येकडाव ह्या पोरांना माघारी बोलीव."

डायरेक्टर घड्याळ बघायला लागला. नट मराठीच होता. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. कॅमेरा बंद होता.

"ठाणं सोडा," तो म्हणाला. "सगळे माघारी या."

बारा पोरं चरातून उठली आणि बंदुका सावरत पळत आली. तंबाखूची चिमूट मळून होईस्तोवर सगळी ढिगाऱ्यापाशी. धापा टाकत, हसत, एकमेकांना ढकलत. मनकर्णानं एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. एकालाही सोडलं नाही. बारावा झाल्यावर तिचे हात तसेच वर राहिले, आणि ती रिकाम्या चराकडं बघत राहिली.

आसाराम तिथंच मातीत बसला. किती थोडा वेळ लागला. एक हुकूम, आणि सगळी पोरं आली की.

"मनकर्णे," तो म्हणाला, "बोलवायला पायजे हुतं गं त्यानं."

आणि चारचौघांत, परक्या मुंबईकरांसमोर, तो हमसून हमसून रडायला लागला. मनकर्णा त्याच्याजवळ खाली बसली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"सव्वा वरीस मी येकलीच रडत हुते वो," ती म्हणाली. "रडा आता."